चांगली केस

फायनल एमबीबीएसची मेडिसिनची प्रॅक्टिकल होती. लाँग केस म्हणून मला मिळालेल्या काकांची प्लीहा बेंबीच्याही खाली उतरली होती. वॉर्डात अशा पेशंटला ‘चांगली केस’ म्हणतात, कारण प्लीहा हाताला सहज लागते. परीक्षेसाठी अशा केसेस आधीपासून हेरून ठेवलेल्या असतात. त्यात मला गैर वाटत नाही. पेशंटला हात लावल्याशिवाय डॉक्टर घडणार कसा?

काका कोरडवाहू शेतकरी. डाव्या कुशीत जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरायचं, वजन उतरलेलं. माझ्याआधी काहींनी त्यांचं पोट दाबलं होतं, माझ्यानंतरही दाबणार होते. दर वेळी ते निमूट शर्ट वर करायचे, श्वास घ्या म्हटलं की घ्यायचे. मला त्यांनी एकदाच विचारलं, “मॅडम, ह्यो गोळा कशाचा हाय?” निदान सांगण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो. “युनिटचे डॉक्टर सांगतील, काका,” एवढंच मी म्हणू शकले.

मग एक्झामिनर सर आले. प्लीहा एवढी मोठी होण्याची कारणं विचारली. मलेरिया, काळा आजार, मायलोफायब्रोसिस, सीएमएल, मी घडाघडा सांगितली. “करेक्ट. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया,” सर काकांच्या अंगावरूनच बोलले आणि पुढच्या बेडकडे वळले. पेशंटसमोर कॅन्सरला ‘मायटोटिक’ आणि टीबीला ‘कॉख्स’ म्हणायचं, ही शिकवण आम्हाला पहिल्या पोस्टिंगपासून असते. पण दिवसभर प्रत्येक परीक्षार्थीच्या वेळी कानावर पडलेला शब्द पेशंट विसरत नाही. काकांनी तो संध्याकाळी शेजारच्या बेडवाल्यांना विचारला. कुणीतरी सांगितलं, ब्लड कॅन्सर.

रात्रीतून काका निघून गेले. केसपेपरवर ‘अ‍ॅबस्कॉन्डेड’ असा शेरा पडला. जाताना ते बायकोला म्हणाले होते, मरायचंच आहे तर रान कशाला विकायचं? हे सिस्टरनी मला सांगितलं.

माझ्या मनातून जात नाही ते हेच. सगळ्या कॅन्सरमधून नेमका हा आजार असा आहे, की बहुतेकांचा रोजच्या गोळीनं वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. इमॅटिनिब लागू पडली की एवढी मोठी प्लीहाही ओसरत जाते. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली तीही याच औषधाची. त्यामुळे जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. त्या बेडभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला इमॅटिनिब माहीत होती. व्हायव्हात तिचे साइड इफेक्ट्सही विचारले गेले. रान विकावं लागेलच असं नाही, हे काकांना मात्र कुणी सांगितलं नाही. युनिटच्या रेसिडेंटला मी विचारलं, तर तो म्हणाला, “बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट आला की सांगणार होतो.” म्हणजे निदान पक्कं करणाऱ्या तपासणीचा.

आमची २०१९ ची बॅच. नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच. एटकॉम नावाचा विषय आमच्यापासून सुरू झाला: वृत्ती, नीतिमूल्यं, संवाद. लेक्चर हॉलमध्ये रोल प्ले व्हायचे, एक मित्र पेशंट, दुसरा डॉक्टर. मग लॉगबुकवर सही. ते निरुपयोगी होतं असं मी म्हणणार नाही, पण राउंडवर सर ज्या पद्धतीनं बोलतात तेच विद्यार्थी उचलतात, लॉगबुकातलं नाही.

आज मी स्वतः रेसिडेंट आहे. त्या रेसिडेंटवरचा माझा राग आता तेवढा उरलेला नाही. सलग ड्यूटीनंतर, समोर ओपीडीची रांग असताना शब्द खरंच सुचत नाहीत. आणि त्या एक्झामिनर सरांइतका अचूक हात मी अजून पाहिलेला नाही. माझ्या वडिलांना काही झालं तर मी त्यांच्याकडेच नेईन. हे लिहितानाही मला खटकतं, पण नेईन.

तरी एक वाटतं. लाँग केसच्या शेवटची पाच मिनिटं परीक्षकानं विद्यार्थ्याला सांगावं, आता यांचा आजार यांनाच समजावून सांग, मराठीत, माझ्यासमोर. पेशंटला आधी काय माहीत आहे ते विचारून, आणि युनिटचा डॉक्टर शेजारी हजर असताना. त्याला मार्क असावेत. मग मुलं मार्कांपुरतीच बोलतील, असं माझे सहकारी म्हणतात. बोलू देत. गोळी आहे एवढं तरी पेशंटच्या कानावर पडेल.