डाव्या पायाचा हिशेब

पेटी विकत घ्यायची झाली की गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर न्यायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. असा माणूस पेटीचे पॉलिश बघत नाही, नक्षीही बघत नाही. तो आधी भाता भरतो, एकही पट्टी न दाबता हवा किती वेळ टिकते ते बघतो आणि मगच स्वरांकडे वळतो. ऐकणाऱ्यांचे सारे लक्ष उजव्या हाताच्या बोटांवर असते. भाता मात्र डावा हात चालवतो, आणि तोच गळका असेल तर उजव्या हाताने कितीही कसरत केली तरी वाजवण्यात दम येत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे गेल्या वर्षी माझ्याकडे एका निराळ्याच खरेदीचे काम आले. माझ्या भाच्याला घरी रेसिंग सिम्युलेटर उभा करायचा होता. म्हणजे संगणकाच्या पडद्यासमोर गाडीसारखे स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची पेडल्स, पाठीला सीट, आणि त्यावर बसून इटलीतल्या नाहीतर बेल्जियममधल्या ट्रॅकवर गाडी पळवायची. मुलगा चोवीस वर्षांचा, वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरीला. पैसे त्याचे स्वतःचे, दीड वर्ष साठवलेले एक लाख रुपये. संगणक घरात होताच. तरीही विषय माझ्यापर्यंत आला तो बहिणीमुळे.

त्याच्या बरोबरीचा एक मुलगा त्याच्या आदल्या पावसाळ्यात बायपासवर मोटरसायकलवरून पडून गेला. गोव्यात अशी बातमी वर्तमानपत्रात यायला फार दिवस जावे लागत नाहीत, पण आपल्या ओट्यावर बसून चहा प्यायलेला मुलगा जातो तेव्हा ती बातमी राहत नाही. तेव्हापासून रात्री आठनंतर भाच्याच्या बाइकची चावी बहिणीच्या कपाटात असते. ती मला म्हणाली, "दादा, वेग त्याच्या अंगातच आहे, तो मी काढू शकणार नाही. घरात बसून भागत असेल तर घेऊ दे. पण दोन महिन्यांत कंटाळून ते सामान पोटमाळ्यावर जाणार असेल आणि हा पुन्हा रात्रीचा बाहेर पडणार असेल, तर तू मला आत्ताच सांग."

म्हणजे प्रश्न 'सगळ्यात चांगले स्टिअरिंग कुठले' असा नव्हता. 'टिकून राहील असे काय' असा होता. दुकानात गेले की हा फरक पार विसरायला होतो, कारण तिथे जो तो स्टिअरिंगबद्दलच बोलतो.

तेव्हा आधी स्टिअरिंगच बघू. रस्ता कसा आहे, टायर घसरतो आहे की धरतो आहे, हे हाताला कळावे म्हणून यात मोटर असते आणि ती चाक उलटे ओढते. ही ओढ हातापर्यंत पोचवायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली दात्यांच्या चक्रांची. लॉजिटेकचे २००६ सालचे जी२५ आणि २०१५ सालचे जी२९ ही याची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. दणकट काम, पण दाते एकमेकांवर आपटल्याची खडखड हाताला आणि कानाला जाणवते. दुसरी तऱ्हा पट्ट्याची, थ्रस्टमास्टरच्या टी३०० सारखी. ती मऊ चालते, पण पट्टा बारीकसारीक थरथर थोडी गिळून टाकतो. तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह, यात चाक थेट मोटरच्या दांड्यावरच बसवलेले असते. एकेकाळी हे प्रकरण श्रीमंत हौशी माणसांपुरते होते. २०२१ मध्ये फनाटेकने सीएसएल डीडी आणले, मागोमाग मोझासारख्या चिनी कंपन्या आल्या आणि ते मध्यमवर्गीयाच्या विचारात येऊ लागले.

जाहिरातीत 'न्यूटन-मीटर' असा शब्द असतो, त्याला दचकायचे कारण नाही. साधा भागाकार आहे. जी२९ ची ताकद दोन न्यूटन-मीटरच्या आसपास. चाकाची त्रिज्या चौदा सेंटिमीटर धरली तर कडेला हाताला जाणवणारी ओढ होते साधारण दीड किलोची. मोझाच्या आर५ ची ताकद साडेपाच न्यूटन-मीटर, म्हणजे तेवढ्याच चाकावर चार किलो. फिनलंडचे सिम्युक्यूब २ प्रो पंचवीस न्यूटन-मीटरचे, म्हणजे अठरा किलो. भिंतीवर आपटताना यातून हात वेळेवर सुटला नाही तर मनगट दुखावते. घरच्या माणसाला पाच ते आठ न्यूटन-मीटर पुरेसे होतात, त्यापुढचे पैसे हौसेचे.

आता पायाकडे वळू. रेसमध्ये क्लच क्वचित लागतो, म्हणून बहुतेक जण ब्रेक डाव्या पायाने दाबतात. रस्त्यावर गाडी चालवताना हा पाय एरवी निम्मा वेळ झोपलेला असतो. इथे सगळा खेळ त्याच्यावर.

स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचा कान फिरवताना खरखर यायची ना, तोच हा भाग. धूळ बसली, दमट हवेने आतला पट्टा खराब झाला की तो खरखरतो. आपल्या पावसाळ्यात तर सांगायलाच नको. यापेक्षा बरा प्रकार लोहचुंबकाचा, त्यात काही घासत नाही म्हणून झिजतही नाही. पण या दोन्हीत पेडल *किती खाली गेले* एवढेच मोजले जाते.

तिसरा प्रकार लोड सेलचा. तो आपण रोज बघतो, पसरकाराच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात. धातूचा एक लहान तुकडा, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारा. वजन पडले की धातू केसाएवढा वाकतो, तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन कळते. पेडलमध्ये हेच बसवले की पेडल *किती जोराने दाबले* ते मोजले जाते. थ्रस्टमास्टरचे टी-एलसीएम शंभर किलोपर्यंतचा जोर मोजते. त्यात निरनिराळ्या ताणाच्या स्प्रिंगा मिळतात, आपल्या पायाच्या मानाने बदलायच्या.

यात एवढे काय, असे वाटेल. भाच्याच्या मडगावच्या एका मित्राकडे दोन्ही प्रकार होते, तिथे मी स्वतः बसून बघितले. मोन्झाचा ट्रॅक, लांबी ५.७९३ किलोमीटर. सुरुवातीच्या लांबलचक सरळ रस्त्यानंतर एकदम उजवे-डावे अरुंद वळण येते. तिथे ताशी अडीचशेच्या वर असलेली गाडी शंभराच्या आत आणायची. पहिल्या पेडलवर पाय प्रत्येक वेळी निराळ्या जागी थांबे. कधी चाके लॉक होत, कधी गाडी सरळ खडीत जाई. लोड सेलवर सातव्या-आठव्या फेरीला पायाला आपोआप कळू लागले की आपण मघाएवढाच जोर लावला. पाय कुठे होता ते शरीराच्या फारसे लक्षात राहत नाही, जोर किती लावला ते राहते. पिठाचा डबा रोज उचलणारी बाई डोळे मिटून सांगते की पीठ संपत आले, तसे.

पुढची पायरी त्याहून नाजूक. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर सगळा उडवला तर वळायला काही उरत नाही. म्हणून सरळ रस्त्यावर आधी पूर्ण जोर, मग चाक जसजसे वळवत जाऊ तसतसा ब्रेक थोडा थोडा सोडत जायचा. हे सोडणे साधले की वळण साधते. त्यात सुधारायला वर्षानुवर्षे जागा असते, आणि जिथे सुधारायला जागा असते तिथे माणूस कंटाळत नाही. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. रोज तेच केले तर तेच मिळेल, अशी खात्री देणारे साधन असेल तरच रियाज होतो.

म्हणून आम्ही उलटा हिशेब केला. लाखातला जवळजवळ चौथा हिस्सा पेडल्सना बाजूला काढला. निम्मा स्टिअरिंगला, पाच न्यूटन-मीटरच्या डायरेक्ट ड्राइव्हला. उरलेल्या पंचवीस हजारांत चौकट, सीट आणि मॉनिटर.

चौकटीवाचून पेडल्सना अर्थ नाही. चाकाच्या खुर्चीत बसून चाळीस किलोचा ब्रेक मारला तर गाडी थांबायच्या आधी खुर्ची मागच्या भिंतीला लागते. विकतच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी सुरेख असतात, हव्या तशा सरकवता येतात, पण महाग. फोंड्याच्या एका वेल्डिंगवाल्याने आम्हाला चौकोनी लोखंडी पाइपची करून दिली. पेडल्सची पाटी पुढेमागे सरकावी म्हणून पट्टीत लांबट भोके पाडली. वर रेड ऑक्साइडचे दोन हात, नाहीतर एका पावसाळ्यात गंज. सीट भंगारातल्या मारुतीचे. खाली जाड रबराची चटई, कारण ब्रेकचा ठोका लादीतून खालच्या मजल्यावर जातो आणि खाली राहणाऱ्या आजी दहाला झोपतात.

मॉनिटरचाही एक भागाकार आहे. दिवाणखान्यातला त्रेचाळीस इंची टीव्ही दीड मीटरवरून बघितला तर नजरेचा सुमारे ३५ अंशांचा तुकडा व्यापतो. सत्तावीस इंची मॉनिटर स्टिअरिंगच्या लगेच मागे, साठ सेंटिमीटरवर ठेवला तर ५३ अंश. म्हणजे लहान पडदा जवळ ठेवला तर मोठ्याहून मोठा. हा कोन मोजून खेळाच्या सेटिंगमध्ये तसाच भरावा. पहिले दोन दिवस गाडी हळू वाटते, मग वळणे खऱ्या अंतरावर दिसायला लागतात.

आणखी दोन व्यवहारी गोष्टी. प्लेस्टेशनसाठीचे स्टिअरिंग एक्सबॉक्सवर सहसा चालत नाही. संगणकावर बहुतेक सगळी चालतात आणि दोन कंपन्यांचे सामान एकत्र जोडता येते. भाच्याने हेच केले. दुसरी गोष्ट विजेची. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या कडकडाटात आमच्याकडे वीज कशी येते-जाते ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे यूपीएस आणि गडगडाट सुरू होताच प्लग काढायची सवय, या दोन्हींचा खर्च आधीच धरावा.

भाच्याला एक उदाहरण तोंडपाठ आहे. यान मार्डनबरो हा ब्रिटिश मुलगा ग्रान टुरिझ्मो खेळता खेळता २०११ ची जीटी अकादमी स्पर्धा जिंकला आणि २०१३ मध्ये ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खऱ्या गाडीत बसला. गोष्ट खरी आहे. पण नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची भारतीय ग्रांप्री २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली, हेही खरे आहे. खऱ्या रेसिंगचा खर्च वेर्ण्याच्या पगारात बसत नाही. हे सामान रेसर व्हायला घेतलेले नाही, हे आम्ही तिघांनी आधीच बोलून घेतले.

बहिणीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. सिम्युलेटर भीती शिकवत नाही. खऱ्या गाडीत ब्रेक मारला की पट्टा छातीत रुततो, पोटात खड्डा पडतो. इथे शरीर जागचे हलत नाही. गाडीचा चेंदामेंदा झाला तर एक बटण दाबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. घरी वेगाने चालवणारा मुलगा रस्त्यावर सावध होईलच, अशी हमी कुठल्याही पेडलबरोबर मिळत नाही.

आठ महिने झाले. सामान पोटमाळ्यावर गेलेले नाही. रात्री जेवण झाले की तो तासभर बसतो, बहुतेक वेळा एकाच ट्रॅकवर, एकाच गाडीत. आधी तो जेवताना गाडी किती पळाली ते सांगायचा. आता कुठल्या खुणेला ब्रेक मारला आणि तो सोडायला किती उशीर झाला ते सांगतो. बाइकची चावी अजून कपाटातच आहे. तिने ती बाहेर काढलेली नाही आणि त्यानेही मागितलेली नाही.

चतुर्थीला आम्ही सगळे जमलो होतो. माटोळी बांधून झाल्यावर मुलांनी तिला आग्रह करून त्या सीटवर बसवले. स्टिअरिंगला तिने हात लावला नाही. डावा पाय तेवढा ब्रेकवर ठेवला आणि दाबला. पडद्यावर आकडा आला, अकरा किलो.

"थांबली?" तिने विचारले.

"ना गे आई," भाचा म्हणाला, "आनीक जोर लाय."