राजीनाम्याची चाहूल

हाताखालचा एखादा कर्तबगार माणूस नोकरी सोडणार, याची चाहूल राजीनाम्यापूर्वीच लागते. तो बैठकीत अबोल होतो, पुढील वर्षाच्या कामाविषयी उत्सुकता दाखवीत नाही, अर्ध्या दिवसाच्या रजा वाढतात. अशा वेळी वरिष्ठाने काय करावे?

कोलकात्यातील एका कचेरीत मी हिशेबखाते सांभाळीत असताना एका बंगाली तरुणाविषयी मला हीच शंका आली. त्याच्याकडील महत्त्वाची कामे काढून घ्यावीत, असे काहींनी सुचविले. मला ते पटले नाही. शंका म्हणजे पुरावा नव्हे. आणि जाण्याचा विचार नसलाच, तर आपल्या अविश्वासाने तो उत्पन्न व्हायचा. "जाणार आहात का?" असे न विचारता मी म्हटले, "येथे आपले मन रमते का?" जरा थांबून तो म्हणाला, "पगाराची तक्रार नाही. पण चार वर्षे तेच ताळेबंद जुळवितो आहे."

मला याच शहरातील चंद्रशेखर वेंकट रामन आठवले. १९०७ मध्ये ते येथे अर्थखात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून आले. दिवसा कचेरी, आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातील विज्ञानसंस्थेची प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम असे. १९१७ मध्ये त्यांनी ती मानाची नोकरी सोडली आणि आशुतोष मुखर्जींनी देऊ केलेले विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद बरेच कमी वेतन असूनही स्वीकारले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा माणसाला पगारवाढीने थांबविता आले असते काय?

प्रत्येक कारकून रामन नसतो, हे खरे; परंतु माणसाला कशाची ओढ आहे हे कळल्याखेरीज त्याला काय द्यावे, हे कळत नाही. मी त्या तरुणाकडे अंदाजपत्रकाचे नवे काम सोपविले आणि जुन्या कामाची रीत लिहून काढण्यास सांगून एक साहाय्यक त्याच्या हाताखाली दिला. तो राहिला असता तरी हे कचेरीच्या हिताचेच होते.

पुढे वर्षभराने तो गेलाच. पण मार्चअखेरचे हिशेब पुरे करून, दोन महिने आधी सांगून गेला. आणि त्याच्या जागी तो साहाय्यक उभा राहिला. आपल्या कचेरीतही असा कोणी अबोल झाला असेल, तर कुजबुज वाढण्यापूर्वी त्याला शेजारी बसवून घ्या आणि मोकळेपणाने विचारा.