दोन वल्ह्यांची नाव

मी ऑनलाइन गेम खेळते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘पबजी का?’ नाही. पबजीचा डाव अर्ध्या तासात आटोपतो आणि त्यातली माणसं सहसा पुन्हा भेटत नाहीत. मी खेळते त्याला एमएमओआरपीजी म्हणतात. हजारो लोक एकाच वेळी वावरतात असं जग, तुम्ही लॉगआउट केल्यावरही चालू राहणारं. त्यात आपलं एक पात्र घ्यायचं आणि महिनोन्‌महिने वाढवत न्यायचं.

पहिला गेम ‘रूनस्केप’. सांगलीतल्या सायबर कॅफेत दादाच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून मी तो नुसता बघायचे. २००१ साली आलेला हा गेम ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करावं लागायचं नाही, त्यामुळे कॅफेवाल्याची कटकट नसायची. दादा तासाचे पैसे भरून लाकडं तोडायचा, मासे भाजायचा. मला त्यात काही राम वाटत नसे. पण वॅरॉक शहरातल्या बँकेपाशी तो गेला की मी सरसावून बसायचे. तिथे ही गर्दी! जो तो आपला माल आणि भाव टाइप करून ओरडतोय, घासाघीस चाललीय, कुणी कुणाला फसवतोय. २००७च्या अखेरीस गेममध्ये ग्रँड एक्सचेंज आलं. भाव लिहून माल ठेवून द्यायचा, विकला गेला की पैसे उचलायचे. फसवणूक कमी झाली, वेळ वाचला आणि बँकेसमोरचा तो आरडाओरडा ओसरला. दादा खूश होता. मी नव्हते, पण मला विचारतंय कोण!

मी स्वतः नेटानं खेळले ते ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. मूळ गेम २००४चा. ऑगस्ट २०१९मध्ये त्याचं जुनं रूप ‘क्लासिक’ नावानं पुन्हा आलं, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. युरोपच्या सर्व्हरवर प्रीस्ट घेतली, म्हणजे हीलर. मारामारी बाकीच्यांनी करायची, मी त्यांना जिवंत ठेवायचं. तिकडे रात्री आठला रेड, म्हणजे मोठ्या गटाची मोहीम, सुरू झाली की इथे साडेबारा वाजलेले. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे सरकली की माझी झोप तेवढी लवकर, एवढीच चैन. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ, कधीच धड नसायचा. पुढे राहून मार खाणाऱ्या टँकला फटका बसल्याचं मला दिसेपर्यंत तिकडे तो बसून गेलेला असायचा. म्हणून फटका बसायच्या आधीच हील सुरू करायची आणि गरज नसली तर शेवटच्या क्षणी थांबवायची, ही सवय मी हाताला लावून घेतली. माना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, पुरवायला मंत्राची मुद्दाम खालची रँक वापरायची. सर्वात मोठा मंत्र सर्वात चांगला नसतो, हे नवख्या हीलरला पटवताना नाकी नऊ येतात.

क्लासिकमध्ये पाच जणांच्या डन्जनला, म्हणजे छोट्या मोहिमेला, जायचं तर आधी चॅटवर माणसं गोळा करायची, मग सगळ्यांनी अर्धा खंड तुडवत दारापर्यंत यायचं. वॉरलॉक हा जादूगार लांबच्या माणसाला बोलावून घेऊ शकतो, पण त्यालाही आणखी दोघांचा हात लागतो. म्हणजे तिघांना आधी पोचावंच लागतं. त्या वाटचालीत ओळखी होतात. आमचा पोलिश टँक मला असाच भेटला. दाराशी बाकीच्यांची वाट बघताना त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत? मी सांगितलं, तर म्हणाला, मग आज पटापट मारू. पुढे दीड-दोन वर्षं त्याच्या प्रत्येक रेडला हीलर मीच. आणि लूट हडप करून पळालेल्या माणसाचं नाव आठवड्याच्या आत सर्व्हरभर व्हायचं. त्याला कुणी गटात घेत नसे.

मूळ गेममध्ये डिसेंबर २००९ला डन्जन फाइंडर आलं होतं. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे चार अनोळखी लोक जोडले जातील आणि सगळे थेट आत. ते नव्या रूपात मीही वापरलंय. वीस मिनिटं पाच माणसं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. उद्धटपणा केला तरी भीती कसली, उद्या कोण भेटणार आहे?

एवढ्यावरून जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या कळपात मला ढकलू नका. कारण क्लासिक पुन्हा आलं तेव्हा आम्हा खेळाडूंनीच त्याचं काय केलं ते मी पाहिलंय. ओनिक्सिया ड्रॅगनचं मुंडकं शहरात टांगलं की आसपासच्या सगळ्यांना दोन तासांचा बफ, म्हणजे जादा ताकद, मिळतो, पण तो फक्त ऑनलाइन असतानाच खर्च होतो. मग लोकांनी काय केलं, तर बफ घ्यायचा आणि लगेच लॉगआउट व्हायचं, ते थेट रेडच्या वेळेला उगवायचं. खेळात चांगलं दिसावं म्हणून आठवडाभर खेळायचंच नाही! २०२१मध्ये बफ साठवून ठेवायची वस्तू देऊन कंपनीनं लोकांना पुन्हा खेळतं केलं. ही गैरसोय कुणालाच कुणाकडे नेत नव्हती. ती गेली ते बरंच झालं.

माझं म्हणणं इतकंच आहे. काही अडचणी आपल्याला दुसऱ्या माणसाच्या दारात नेतात, काही नुसता वेळ खातात. डिझायनरनं दोन्ही एकाच झाडूनं झाडू नयेत. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मेल्यावर गेलेला अनुभव बराचसा परत मिळवायला मेलेल्याला उठवणारा क्लेरिक शोधावा लागे. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये लढून थकलेले योद्धे कँटिनात नर्तकांसमोर येऊन बसत, कारण थकवा तिथे उतरे. तलवार हातात न धरणाऱ्या खेळाडूलाही तिथे मान होता. आणि सोय दिली की माणूस तुटतोच असंही नाही. ‘फायनल फँटसी १४’मध्येही गट आपोआप जमतो, पण गटात कुणी त्या डन्जनमध्ये पहिल्यांदा आलेलं असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. नवखा माणूस दिसला की जुने कटकट करत नाहीत, उलट खूश होतात. मला हा गेमच्या दुनियेतला सर्वात हुशार नियम वाटतो.

लॉकडाउनमध्ये आम्ही चौघांनी स्वतःचं एक जग लिहायला घेतलं. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष असलेला ‘मड’ हा गेमही तसाच होता. १९७८मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी तो केला. आम्ही पायथनमधली एव्हेनिया नावाची तयार चौकट वापरली. एका मित्राला जंगलात हरणं हवी होती, हरणं खाणारे वाघ हवे होते, सगळं आपोआप घटणारं-वाढणारं. त्याला मी ‘अल्टिमा ऑनलाइन’ची गोष्ट सांगितली. १९९७च्या त्या गेममध्ये अशीच जीवसृष्टी रचली होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या वेगानं मारला, की ते गणित चालवण्यात अर्थच उरला नाही. मित्र हिरमुसला, पण वाघ गेले.

नदीवरची नाव मात्र माझी. ती वल्हवायला दोघं लागतात, एकट्यानं हलत नाही. पलीकडे बाजार असल्यामुळे सगळ्यांना जावंच लागतं. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या. नंतर घाटावर लोक जोडीदाराची वाट बघत बसायला लागले आणि आमच्या जगातल्या जवळजवळ सगळ्या गप्पा तिथेच होऊ लागल्या. कुणी तिथे बसून मासे विकायला लागलं. त्याची सोय आम्ही केलेली नव्हती.

मग एका नर्सबाईंचा निरोप आला. रात्रपाळी संपवून त्या पहाटे खेळतात. तेव्हा ऑनलाइन कुणीच नसतं. बाजार त्यांनी अजून पाहिलेलाच नाही. मित्र म्हणाले, एकट्यासाठी छोटी होडी टाकून देऊ. मी अडून बसले, कारण छोटी होडी आली की मोठीत कोण बसणार? पण बाईंचंही खरं होतं. रात्री साडेबाराला हील करणाऱ्या बाईनं ते नाकारावं तरी कसं?

शेवटी डोंगरावरून एक पायवाट काढली. एकट्यालाही जाता येतं, पण बराच वेळ लागतो आणि वाटेत रानडुकरं आहेत. शिवाय पायवाटेनं गेलेल्याला दगडावर खडूनं चार ओळी लिहून ठेवता येतात, मागून येणाऱ्याला त्या दिसतात. बाई पहाटे डुकरांविषयी इशारे लिहितात. घाटावरची दोन पोरं हल्ली नाव सोडून मुद्दाम त्या वाटेनं जातात, त्यांना उत्तरं लिहायला. छोट्या होडीची मागणी अजून यादीत आहे. मी ती रोज खाली ढकलते.