चित्रें ज्यांचीं, त्यांच्या दारीं

देवाचें दर्शन घ्यावयाचें तर भक्तानें देवळांत जावें, हा सामान्य नियम. परंतु वर्षांतून एकदां देवच पालखींत बसून निघतो आणि ज्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहींत, त्यांच्या ओट्यासमोर क्षणभर थांबतो. चित्रांच्या नशिबीं अशी पालखी क्वचितच येते. छायाचित्रांचें प्रदर्शन म्हटलें कीं तें मुंबईस जहांगीर कलादालनांत, नाहीं तर पुण्यास किंवा ठाण्यास एखाद्या सभागृहांत. ज्याला पाहावयाचें असेल त्यानें गाडीभाडें खर्चून तेथवर जावें. गेल्या दोन वर्षांत आम्ही एक लहानसें प्रदर्शन टेंपोंत घालून भिवंडी शहरांत व तालुक्यांत हिंडविलें. तेव्हां जें कांहीं पाहावयास व ऐकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

चित्रें घेऊन हिंडण्याची परंपरा आमच्या या भागास नवी नाहीं. खाडीपलीकडच्या कल्याणांत महादेव गोपाळ पटवर्धन नांवाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबरासुराची माया ती शांबरी, हें आमच्या संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. एका यंत्राला इतकें चपखल नांव क्वचितच मिळालें असेल. काचेच्या लहान लहान तुकड्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें कंदिलाच्या उजेडानें पडद्यावर मोठीं करून दाखवीत; एकाहून अधिक कंदील एकदम चालवून आकृति हालल्याचा भास उत्पन्न करीत; जोडीला निवेदन, गाणें आणि वाद्यें. रामायणांतले प्रसंग असत, तशी सर्कसही असे. पुढें त्यांच्या पुत्रांनीं हे खेळ गांवोगांव नेले. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि हलत्या चित्रांपुढें कंदिलाचें तेज हळूहळू फिकें पडलें. आम्हांस त्या यंत्राहून अधिक नवल वाटतें तें त्या काचांचें. बैलगाडीच्या त्या दिवसांत, तसल्या रस्त्यांवरून, रंगविलेल्या काचा त्यांनीं कशा सांभाळून नेल्या असतील, हें ज्यानें चौकटींत बसविलेलीं चाळीस चित्रें एकदां तरी टेंपोंतून नेलीं आहेत त्यालाच कळेल.

हीं चाळीस चित्रें आमच्या पुतण्याचीं. पोटापाण्यासाठीं तो नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशीं छायाचित्रें काढतो. सहासात वर्षें त्यानें आमचा तालुकाच धुंडाळला: यंत्रमागांचे कारखाने, भाताची लावणी, खाडीकांठच्या होड्या, लोनाडचीं लेणीं, वज्रेश्वरीची यात्रा. पहिलें प्रदर्शन ठाण्यास एका सभागृहांत झालें. अभिप्रायाची वही भरून गेली. ‘छायाप्रकाशाचा खेळ अप्रतिम’, ‘रचना फार सुंदर’, असे बहुतेक अभिप्राय होते. घरीं आल्यावर ती वही सर्वांपुढें वाचून झाली. आमच्या वहिनी सुपारी कातरीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, हीं माणसें ज्यांचीं काढलीं, त्यांतलें कुणी आलें होतें का हो पाहायला?” कोणीच आलें नव्हतें. येणार कसें? ठाण्यास जाऊन येण्यांत त्यांची एक दिवसाची मजुरी बुडती.

वहिनींच्या त्या एका प्रश्नांतून हें सर्व प्रकरण उभें राहिलें. प्रथम काचेच्या चौकटी गेल्या. काच जड, फुटकी, आणि उघड्यावर तींत चित्राऐवजीं पाहणाराचेंच तोंड दिसतें. चित्रें जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, वर पातळ पारदर्शक आवरण घालून घेतलीं. भिंतींत खिळे मारावयाचे नाहींत, हा नियम. कारण भिंत नेहमीं दुसऱ्याची असते. म्हणून दोन बांबू, मध्यें सुती दोरी आणि कपडे वाळत घालावयाचे लांकडी चिमटे. चित्राची मध्यरेषा आम्हीं वीतभर खालीं आणली. कारण सभागृहांतील उंची उभ्या पुरुषाच्या डोळ्यांची असते, आणि आमच्या प्रेक्षकांत मुलें व कडेवर मूल घेतलेल्या बाया अधिक. वेळ सकाळची, नाहीं तर उन्हें कलल्यावरची. चित्राखालच्या ओळी मराठींत होत्या, त्या आतां चार भाषांत झाल्या: मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू. भिवंडीच्या पद्मानगरांत तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर राहतात, हें आमच्या मुंबईपुण्याच्या वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. उर्दू ओळी एका शिक्षकमित्रानें इतक्या सुंदर अक्षरांत लिहून दिल्या कीं त्यांच्यापुढें आमचें मराठी कारकुनी वाटूं लागलें.

असा उद्योग थोर माणसांनींही केला आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनीं १९९३ ते २००२ या काळांत दहा राज्यांतून खेड्यांतील स्त्रियांच्या श्रमांचीं छायाचित्रें काढलीं. ‘काम दिसतें, पण तें करणारी स्त्री दिसत नाहीं’ अशा आशयाचें नांव असलेलें त्यांचें हें प्रदर्शन कलादालनांत बसून राहिलें नाहीं. तें रेल्वेस्थानकांवर, बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दाराशीं, शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडलें गेलें, आणि लाखों लोकांनीं तें पाहिलें. गाडीची वाट पाहणारा मनुष्य हा उत्तम प्रेक्षक असतो. त्याला दुसरें कांहीं काम नसतें.

आमचा पहिला मुक्काम मागवाल्यांच्या वस्तींत, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीं झाला. त्या दिवशीं खडखडाट थांबलेला असतो आणि गल्लींत माणसाचा आवाज ऐकूं येतो. या संग्रहांतील सर्वांत नांवाजलेलें चित्र एका विणकराचें होतें. कौलांतून तिरपा कवडसा आलेला, तरुण कारागीर थांबलेल्या मागावर वांकलेला, हात सुतांत, चेहरा अगदीं शांत. पुतण्यानें त्याला ‘विसावा’ असें नांव दिलें होतें. ठाण्याच्या वहींत निम्मे अभिप्राय या एका चित्रावर होते. येथें एक प्रौढ कारागीर त्याच्यापुढें बराच वेळ उभा राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, “मास्टरजी, यह आराम नहीं है. तार टूटा है. लूम बंद, तो मजूरी बंद.”

त्यानें तें समजावून सांगितलें. मजुरी मीटरवर असते. एकेका माणसाकडे चारचार, सहासहा माग. ताण्याचें सूत तुटलें कीं माग थांबवून गांठ मारावी लागते. तेवढा वेळ त्या मागाची कमाई शून्य. शिवाय माग चालू असतांना धोटा डोळ्यांना दिसत नाहीं; या चित्रांत तो स्वच्छ दिसतो, म्हणजे माग बंद आहे, हें त्याला पाहतांक्षणींच कळलें होतें. चेहऱ्यावर आम्हांस जी शांति दिसली ती त्याच्या मतें घाई होती. आपला पुतण्या वाद घालील असें आम्हांस वाटलें. त्यानें खिशांतून पेन काढलें, ‘विसावा’ खोडलें आणि त्या कारागिरानें सांगितलेलें वाक्य जसेंच्या तसें खालीं लिहिलें.

पुढची गंमत निराळीच. चित्रांतला तरुण आतां भिवंडींत नव्हता. तो गांवीं, उत्तर प्रदेशांत परत गेला होता. त्याच्या एका सोबत्यानें लगेच मोबाइलवरून चित्रासकट त्याला फोन लावला. पलीकडे तो एका झाडाखालीं बसलेला दिसत होता. त्याला त्याचेंच चित्र दाखविलें. तो आधीं हंसला, मग गप्प झाला, आणि मग त्यानें विचारलें, शेजारचा फोटो कुणाचा? शेजारीं त्याच्या बाजूच्या मागांवर काम करणाऱ्या मित्राचें चित्र होतें.

आम्हांस त्या क्षणीं भवभूतीची आठवण झाली. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत लक्ष्मण रामाला व सीतेला त्यांच्याच आयुष्याचीं चित्रें दाखवितो. विवाहप्रसंगाच्या चित्रांत तो इतर वधूंचीं नांवें सांगतो आणि उर्मिलेशीं येतांच पुढें सरकूं पाहतो. तेव्हां सीता हंसून ती कोण म्हणून विचारते. शूर्पणखेचें चित्र आलें कीं तीच सीता भिते, आणि हें केवळ चित्र आहे म्हणून रामाला तिची समजूत घालावी लागते. आम्हीं हा अंक शाळेंत किती वेळां तरी शिकविला. संस्कृत साहित्यांत चित्रें पाहण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण पाहणारा आणि चित्रांतला एकच असला म्हणजे काय होतें, हें भवभूतीइतकें कोणी दाखविलें नाहीं असें आमचें मत आहे. तेथें रेषा आणि रंग यांची स्तुति करावयास कोणाला सवडच नसते.

याची दुसरी बाजूही आहे. ‘मानवाचें कुटुंब’ या अर्थाच्या नांवाचें एक विख्यात प्रदर्शन एडवर्ड स्टायकेन यांनीं १९५५ सालीं न्यूयॉर्क येथें मांडलें. अडुसष्ट देशांतलीं ५०३ छायाचित्रें. तें पुढें जगभर फिरलें. १९५६ सालीं हिंदुस्थानांतही आलें. १९५९ सालीं मॉस्को येथें नायजेरियाच्या एका विद्यार्थ्यानें त्यांतलीं कांहीं चित्रें फाडलीं. इतर देशांचे लोक नीटनेटके आणि आफ्रिकेचे तेवढे अर्धनग्न, हें त्याला सहन झालें नाहीं. चित्र फाडणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु त्याचा प्रश्न खोटा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं.

तो प्रश्न लोनाडकडच्या एका गांवीं आमच्यापुढेंही आला. शाळेच्या पडवींत दोरी बांधली होती. भातलावणीच्या चित्रांत सहा बाया चिखलांत ओणव्या. सर्वांत पुढें एकीची पाठ, भिजलेलें लुगडें, पलीकडे पावसानें काळें झालेलें आभाळ. संध्याकाळीं एक पन्नाशीची बाई आली, चित्र पाहून गेली, आणि थोड्या वेळानें परत येऊन म्हणाली, “मास्तर, तेवढा माझा फोटू काढून ठेवा.”

पुतण्या म्हणाला, “मावशी, तोंड कुठं दिसतंय? कुणी ओळखणार नाहीं.”

“मी वळखलं ना मला,” ती म्हणाली. “माझी पाठच का बघायची लोकांनी?”

आम्हीं चिमटे काढले आणि चित्र तिच्या हातीं दिलें. परततांना टेंपोंत पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. त्याच्या मतें सर्व संग्रहांत तें उत्तम चित्र होतें, आणि कलादृष्टीनें पाहतां आम्हीही त्याच मताचे आहों. तें पुन्हां लावलें नाहीं. पुढच्या रविवारीं तो एकटाच त्या गांवीं गेला. तिनें सणाचें लुगडें नेसून, बांधावर सरळ उभें राहून, कॅमेऱ्याकडे रोखून पाहत फोटो काढवून घेतला. तो अगदींच साधा आला आहे. चाळिसावें चित्र म्हणून आतां तोच असतो.

सर्वांत लांबचा प्रवास, खरें सांगावयाचें तर, आमच्या स्वतःच्या आळीपर्यंतचा झाला. मागांची वस्ती आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर. आमच्या पिढ्यान् पिढ्या तो खडखडाट ऐकत निजल्या. पण आळींतल्या बहुतेक बायकांनीं आणि पुष्कळ पुरुषांनींही माग आंतून पाहिलेला नाहीं. १९७० आणि १९८४ या दोन वर्षीं या गांवांत जें घडलें त्याचा येथें विस्तार नको. १९८८ पासून पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून दोन्ही समाजांच्या समित्या बसविल्या, आणि १९९२-९३ सालीं मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली, हें सर्वश्रुत आहे. परंतु शांतता निराळी आणि येणेंजाणें निराळें. आपल्या आळींतून त्यांच्या गल्लींत विनाकारण कोणी जात नाहीं. तिकडूनही कोणी येत नाहीं.

देवळाच्या सभामंडपांत दोरी बांधूं लागलों, तेव्हां एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें कीं हीं चित्रें येथें कशाला? आम्ही उत्तर जुळवीत होतों, तोंच वहिनी म्हणाल्या, “अहो आबा, देवामागचा तो पडदा कुठून आला? तो विणतांना कसं बसतात एवढं पाहून तर घ्या.” आबा पुढें बोलले नाहींत. ते काठी टेकीत एकेका चित्रापाशीं गेले, चष्मा वर करून चारी भाषांच्या ओळी पाहिल्या, आणि तुटलेल्या सुताच्या चित्राखालचें वाक्य वाचून आम्हांला विचारलें, “दर मीटरला काय मिळतं?” आम्हांस सांगतां आलें. गेल्या वर्षीं हा प्रश्न त्यांना सुचला नसता, आणि उत्तर आम्हांस ठाऊक नसतें.

दोरी सोडावयास वस्तींतले दोन तरुण आले होते. ते ओट्याखालीं उभे राहिले. वहिनींनीं त्यांना वर बोलावून चहा दिला. आळीनें तें पाहिलें. कांहींना आवडलें, कांहींना नाहीं. ज्यांना आवडलें नाहीं त्यांनीं आम्हांस तसें स्पष्ट सांगितलें.

आतां एक विनंति. या संग्रहांत हातमागाच्या काळाचें एकही चित्र नाहीं. यंत्रमाग येण्यापूर्वींचे भिवंडीचे विणकर, खाडीवरचीं गलबतें, जुने बाजार यांचे फोटो आपल्यापैकीं कोणाच्या घरीं ट्रंकेंत, देवघराच्या फळीवर किंवा एखाद्या लग्नाच्या अल्बमांत नकळत पार्श्वभूमीला आलेले असतील, तर ते आम्हांस पाहावयास द्यावे. मूळ चित्र घराबाहेर जाणार नाहीं. पुतण्या आपल्या घरीं येऊन, आपल्यासमोरच, त्याची प्रत उतरवून घेईल. त्याच्याबरोबर आम्हीही येऊं. आमचा चहा मात्र बिनसाखरेचा.