संशय कळवणाऱ्यासाठीही दार हवं

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कसल्या ना कसल्या छळाला तोंड द्यावं लागतं, आणि अशा चोवीस प्रकरणांतलं जेमतेम एक नोंदलं जातं. उरलेली तेवीस का दबतात, याचं मला नवल वाटत नाही. छळणारा बहुधा घरातलाच असतो. त्याच्याच हातून औषध घ्यायचं, त्याच्याच छपराखाली झोपायचं, मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची? शिवाय पोटच्या पोराची अब्रू चव्हाट्यावर आणणं अनेक आईबापांना अंगावरच्या वळांपेक्षा जड जातं. आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मात्र याच माणसाच्या तक्रारीवर भिस्त ठेवतो. निर्वाहासाठी अर्ज त्याने स्वतः करायचा. ते जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा संस्थेने. न्यायाधिकरण आपणहून दखल घेऊ शकतं, पण बंद दारामागचं त्याला सांगणार कोण?

सांगू शकतील अशी माणसं असतात: कामवाल्या मावशी, फिजिओथेरपिस्ट, बँकेतला कारकून, समोरच्या ब्लॉकमधले शेजारी. त्यांच्याकडे पुरावा नसतो, शंका असते. आणि तेवढ्यासाठी पोलीस चौकीची पायरी कुणी चढत नाही. म्हणून असा संशय ऑनलाइन नोंदवण्याची सोय हवी. माझ्या मते तिचा खरा उपयोग या त्रयस्थांना आहे. १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ चांगली सोय आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आणि ज्या घरात काम करायचं तिथूनच फोनवर बोलायचं तरी कसं? मराठीतला साधा अर्ज किंवा आवाजी निरोप रात्री घरी जाऊनही पाठवता येईल. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या ऑनलाइन तक्रारीसाठी ‘पॉक्सो ई-बॉक्स’ २०१६ पासून आहे. कॅलिफोर्नियात तर डॉक्टर, परिचारिका यांच्यावर वृद्धांच्या छळाचा संशय कळवण्याची कायदेशीर सक्तीच आहे आणि ते गोपनीय ऑनलाइन नोंदीनेही करता येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या तक्रारींचा, आणि तो पोकळ नाही. फ्लॅटच्या वादात भावंडं एकमेकांवर काहीही लिहितील. ज्येष्ठ नागरिक कायदा सुनेचा घरात राहण्याचा हक्क डावलायला वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये एस. वनिता खटल्यात सांगावं लागलं. म्हणूनच नोंद म्हणजे आरोपपत्र नव्हे. तिच्यामुळे फक्त प्रशिक्षित माणसाने त्या घरी एक भेट द्यावी. कळवणाऱ्याचं नाव यंत्रणेने घ्यावं, घरच्यांपासून मात्र गुप्त ठेवावं. त्यामुळे खोडसाळपणाला बराच आळा बसेल.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. वृद्ध म्हणजे लहान मूल नव्हे. सगळं सोसून मुलाजवळच राहायचं, असं आजीने ठरवलं असेल तर मधे पडणारे आपण कोण? हे मान्य. पण ते तिच्या तोंडून, मुलगा खोलीत नसताना, ऐकलं पाहिजे. ती नको म्हणाली तर भेटीला गेलेल्याने नंबर ठेवून परतावं. स्मृतिभ्रंश असेल तर डॉक्टरांचं मत घ्यावं. या भेटीसाठी तालुक्यात प्रशिक्षित माणूसच नसेल, तर पोर्टल उघडूच नये. उत्तर न येणारी तक्रार कळवणाऱ्याला कायमची गप्प करते.

अशी सोय होईपर्यंत शंका आली तर १४५६७ ला फोन करा. मारहाण चालू असेल तर थेट ११२.