गोडें पाणी

रंग लावणें हें उत्साहाचें काम आहे आणि रंग काढणें हें पश्चात्तापाचें. पहिलें करतांना मनुष्य शीळ घालतो. दुसरें करतांना त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. घरांत लग्नकार्य निघालें, दिवाळी आली, पाहुणे यावयाचे झाले म्हणजे भिंतींना रंग लागतो. परंतु आधींचा रंग खरवडून मगच नवा द्यावा, असा आग्रह धरणारा गृहस्थ आम्हीं क्वचितच पाहिला आहे. जुन्यावर नवें चढवावें आणि पुढें जावें, हाच संसाराचा शिरस्ता. आम्हीही तोच पाळीत आलों होतों. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत मात्र एका लहानशा होडीनें आम्हांला हा धडा उलट बाजूनें वाचावयास लावला.

ही होडी आमच्या वडिलांची. वाघोटण नदी विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. त्या खाडीच्या कांठीं आमचें घर. वडील कांहीं दर्यावर्दी नव्हते. ते शाळेंत गणित शिकवीत. पैलतीरावरच्या मुलांचा पहिला तास तरीची वाट पाहण्यांत बुडूं नये, म्हणून त्यांनीं ही सोळा फुटांची होडी बांधवून घेतली. पुढें तीं मुलें मोठीं झालीं, रस्ते झाले, वडील निवृत्त झाले. पण होडी कांहीं सुटली नाहीं. दर वर्षीं मे महिन्यांत तिला किनाऱ्यावर ओढून, पालथी घालून, पंधरा दिवस उन्हांत वाळवून मगच ते हातांत कुंचला घेत.

२०१८ सालच्या आश्विनांत ते अंथरुणाला खिळले होते. आम्ही मुंबईहून चार दिवसांची रजा काढून गेलों. परतीचा पाऊस आदल्या दिवशींच थांबला होता. होडी उघड्यावर पडलेली पाहून आम्हांला भरून आलें आणि वडिलांना आनंद द्यावा म्हणून आम्हीं दोन दिवसांत निळ्या तेलरंगाचे दोन हात तिच्यावर चढविले. तिसऱ्या दिवशीं त्यांना खुर्चींत बसवून अंगणांत आणलें. त्यांनीं बराच वेळ तिच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, “छान दिसते.” आम्ही कृतार्थ झालों. त्यानंतरच्या माघांत ते गेले.

पुढें कांहीं वर्षें होडी मांगरांत पडून राहिली. एका उपाहारगृहाच्या मालकानें ती शोभेसाठीं मागितली. धाकटे बंधू म्हणाले, “देऊन टाकूं. चाळीस वर्षें झालीं. तिनें आणखी किती जगावें?” आम्हांलाही तें पटलें. देण्यापूर्वीं तिला एक नवा हात द्यावा, एवढ्याच हेतूनें आम्हीं खरवडणी हातांत घेतली.

आमचा निळा रंग काढावाच लागला नाहीं. खरवडणीचा स्पर्श होतांच त्याचे पापुद्रे केळीच्या सोपटासारखे सुटून आले आणि त्यांच्या आंतल्या बाजूला काळसर ओल होती. बाजूच्या कडांना, जेथें आमचा कुंचला पोंचला नव्हता, तेथें वडिलांचे थर होते: हिरवा, त्याखालीं पांढरा, त्याखालीं शेंदरी आणि सर्वांत तळाशीं तेल आणि राळ यांची काळी, चिवट साय. हे मात्र सहज हलेनात. एका हातभर जागेला अर्धा दिवस लागे. शेंदरी थर दिसतांच मेस्त्रींनीं आमचा हात धरला. शेंदूर म्हणजे शिशाचेंच एक रूप. तो कोरडा घासला तर धूळ विषारी आणि दिव्यानें जाळला तर वाफ विषारी. भारतांत २०१६ सालच्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. पण जुन्या थरांतलें शिसें कांहीं नियम वाचीत नाहीं. म्हणून आम्हीं तोंडाला फडकें बांधलें, लाकूड ओलें करून हळूहळू खरवडलें आणि कचरा खाडींत न टाकतां वेगळा भरून ठेवला. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर २०२२ सालीं उतरविला, तेव्हां खालची मूळ मूर्ति पाहून भाविक चकित झाले होते, त्याची आम्हांला आठवण झाली. आमच्या वांट्याला मात्र शेवटीं निराळेंच दर्शन यावयाचें होतें.

नाळेजवळच्या दोन फळ्या उघड्या झाल्या तशी मेस्त्रींनीं पटाशीचें टोंक त्यांवर टेकविलें. जोर न करतां तें शिजलेल्या सुरणांत जावें तसें आंत गेलें. आम्ही म्हणालों, “समुद्रानें खाल्ली.” मेस्त्रींनीं मान हलविली. “नाय, भाऊ. खाऱ्या पाण्यान होडी कुजणा नाय. गोड्या पाण्यान कुजता.”

पुढें विचार करतां त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें असल्याचें आम्हांस कळलें. लाकूड कुजविणारी बुरशी मिठाच्या पाण्यांत नीट वाढत नाहीं; तिला पावसाचें पाणी मानवतें, आणि लाकडांतील ओल शेंकडा वीसच्या वर राहिली म्हणजे ती फोफावते. खाऱ्या पाण्याचे शत्रु निराळे. लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारे शिंपले. त्यांतले शिंपले तरी डोळ्यांना दिसतात. गोडें पाणी रंगाखालीं गुपचूप बसतें, आणि वरून जितका तकतकीत हात, तितकें त्याला बाहेर पडणें कठीण. आम्हीं वडिलांच्या होडीवर रंग चढविला नव्हता. पाऊस आंत कोंडून वर झांकण घातलें होतें.

आम्ही खालीं बसलों. मेस्त्री कांहीं वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले कीं, मास्तरांना हें ठाऊक होतें. आम्ही मुंबईस परतल्यावर त्यांनीं मेस्त्रींना बोलावून सांगितलें होतें, “लाकूड ओलें आहे. हा रंग टिकायचा नाहीं. पण पोरगा चार दिवसांची रजा काढून आला होता. सुटेल तेव्हां त्याच्याकडूनच काढून घ्या.”

उत्तर बरोबर असूनही रीत चुकली तर तांबड्या शाईनें आडवी रेघ ओढणारा हा मनुष्य. गांवच्या तीन पिढ्यांनीं त्यांच्या रेघा सोसल्या आणि त्या बळावर हिशेब शिकल्या. आमच्याच उत्तराला, आयुष्यांत एकदां, त्यांनीं पूर्ण गुण दिले. आणि नेमकें तेंच चुकलेलें होतें. त्या दिवशीं त्यांनीं खारट बोलावयास हवें होतें काय? तसें झालें असतें तर दोन फळ्या वांचल्या असत्या. परंतु आज त्यांचें “छान दिसते” आठवलें कीं तें परत करावें असें आम्हांला वाटत नाहीं. त्याची किंमत होडीनें भरली, एवढेंच.

उपाहारगृहाच्या मालकाला आम्हीं नकार कळविला. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं सागवानांत बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर आहे, असें आम्हीं बंधूंना सांगितलें. “त्याचीही डागडुजी करावीच लागली,” असेंही प्रामाणिकपणें सांगितलें. ते हंसले आणि दुसऱ्या दिवशीं स्वतःच खरवडणी घेऊन आले.

कुजकें लाकूड काढून मेस्त्रींनीं दोन नव्या फळ्या बसविल्या. फटींत कापूस ठोकून राळ आणि तेल भरलें. तीन आठवडे होडी मांडवाच्या सावलींत वाऱ्यावर ठेविली. मग जवसाचें तेल, मग अस्तर, मग लांबी, मग रंगाचे पातळ हात, आणि प्रत्येक दोन हातांमध्यें थांबणें. या कामांत थांबणें हेंच मुख्य काम आहे, हें आम्ही फार उशिरां शिकलों.

एके सकाळीं आमची कन्या सुकाणूंच्या बाजूला लांबी भरून आम्हांला दाखवावयास आली. तिनें मन लावून केलें होतें, आणि आमच्या तोंडाशीं तेच दोन शब्द आले होते. आम्हीं आंगठा टेकवून पाहिला आणि म्हणालों, “अजून ओली आहे. आज रंग लावूं नकोस.” ती रुसून घरांत गेली. तिसऱ्या दिवशीं परत आली, तिनें स्वतःचा आंगठा टेकविला आणि कांहीं न बोलतां कुंचला उचलला.

नारळी पौर्णिमेला होडी खाडींत लोटली. नवीं लाकडें पाणी पिऊन फुगेपर्यंत थोडी गळती चालावयाचीच, असें मेस्त्री म्हणाले. आम्ही करवंटीनें पाणी उपसूं लागलों. एक थेंब ओठांवर उडाला. तो खारट होता, आणि आमचा जीव खालीं पडला.