निरंक

गेल्या १७ सप्टेंबरला सकाळी सातच्या सुमारास आम्ही विहाराच्या रविवार वर्गातील अठरा मुलामुलींना घेऊन नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानात पोहोचलो. तेथील हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी या दिवशी ध्वजवंदन होते आणि पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. फैरींचा आवाज झाला की लहान मुले कानांवर हात ठेवतात आणि मग एकमेकांकडे बघून हसतात. आम्ही रागावत नाही. त्यांच्या वयाचे असताना आम्हीही हेच केले आहे.

सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, स्वातंत्र्य तर पंधरा ऑगस्टलाच मिळालं ना? मग हे कशाचं?" मराठवाड्यातल्या मुलाला हा प्रश्न पडावा यात दोष मुलाचा नाही. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण आपले जिल्हे तेरा महिने निजामाच्याच राज्यात राहिले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी गावोगाव माणसे पडली. आपल्या बिलोलीजवळच्या अर्जापूरला ऑक्टोबर १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, असे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "ते तर कोल्हापूरचे ना?" कॉम्रेड पानसरे यांचा खून २०१५ सालचा, हे अर्जापूरचे पानसरे निराळे. एकाच नावाची दोन माणसे, दोघेही मारले गेलेले, आणि मुलीला लांबचे ठाऊक होते, जवळचे नव्हते.

आपला समाज तेव्हा कुठे होता, हेही मुले विचारतात. अशा वेळी आम्ही बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये काढलेल्या निवेदनाची आठवण देतो. हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांनी कोणत्याही परिस्थितीत निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये, असे त्यांनी त्यात बजावले होते. गावात पाणवठा बंद असलेल्या माणसांना त्यांनी हे सांगितले होते, हे विसरून चालणार नाही.

तेथून दोन क्रूझर गाड्या करून आम्ही लोहा, अहमदपूर मार्गे लातूरकडे निघालो. रस्त्याला सोयाबीन पिवळे पडू लागले होते. वाटेत भाकरी-ठेचा खाऊन लातूरला पोहोचेपर्यंत दुपार झाली. टाऊन हॉलच्या मैदानावरील स्मारकापाशी सकाळची फुले होती, माणसे पांगली होती. एका अर्थी बरेच झाले. गर्दीत मुलांना भाषण ऐकू येते, पण त्यांच्या मनात प्रश्न येत नाहीत. तेथे सावलीला बसून आम्ही त्यांना उदगीर तालुक्यातील हत्तीबेटाची हकीकत सांगितली. त्या टेकडीच्या आश्रयाने शेतकऱ्यांच्या पोरांनी रझाकारांशी झुंज दिली होती.

स्मारक कसे वाचावे हे आम्ही भीमा कोरेगावला शिकलो. दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुलांना तेथे नेले होते, तेही १ जानेवारी सोडून साध्या दिवशी. २०१८ सालच्या दगडफेकीनंतर आईबाप त्या दिवशी लेकरे पाठवायला कचरतात. स्तंभ सर्वांनी चित्रात पाहिलेला असतो, पण त्यावर कोरलेली नावे एकाएकाने वाचणारे थोडे. आम्ही मुलांना फक्त एवढेच काम दिले, की शेवटी 'नाक' असलेली नावे मोजा. एकूण ४९ नावांपैकी २२ नावे त्यांनी बोटावर मोजली. 'सोळा' म्हणणाऱ्याला दुसऱ्याने पुन्हा मोजायला लावले. १८१८ सालच्या लढाईतील शिपायांची नावे दगडावर होती, म्हणून १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेबांना तेथे उभे राहून बोलता आले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. नाव कोरलेले नसते तर यातले काय उरले असते?

टाऊन हॉलवर बसून हेच बोलत असताना नामांतराचा विषय निघणे ओघानेच आले. ४ ऑगस्ट १९७८ ला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जाळून मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या रात्री आमच्या वस्तीत चुली पेटल्या नाहीत आणि कोणी आम्हाला जेवायचा आग्रहही केला नाही, एवढे लख्ख आठवते. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वेगळे विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे ज्या नांदेडच्या माणसांनी त्या नावासाठी जीव दिला, त्यांच्या नातवंडांच्या पदवीवर ते नाव येत नाही. स्वामीजींच्या नावाबद्दल आमची तक्रार नाही, तेही याच मुक्तिसंग्रामाचे सेनानी. पण अठरा मुलांपैकी चौदांना पोचिराम कांबळे हे नाव ठाऊक नव्हते, ही तक्रार मात्र आमची आमच्यावरच आहे.

परतीच्या वाटेवर एका गावी थांबायचे होते. आमच्या वर्गातील नववीतल्या एका मुलीचे ते आजोळ. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'माझी माती माझा देश' या मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले. स्वातंत्र्यासाठी आणि देशाच्या संरक्षणासाठी प्राण दिलेल्या गावच्या वीरांची नावे त्यावर कोरायची होती. या गावचा शिलाफलक शाळेच्या फाटकाजवळ आहे. वर मजकूर, खाली नावांची जागा. ती जागा कोरी. मुलांनी दगडाची मागची बाजूसुद्धा पाहून घेतली.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या गावात कोणी नव्हतंच. तसं लिहून दिलं होतं, निरंक."

आम्ही कारकून माणूस. हा शब्द आमच्या हाताखालून किती वेळा गेला असेल याची गणती नाही. वरून तक्ता येतो, उद्या दुपारपर्यंत माहिती पाठवा असा निरोप येतो. चौकशीला वेळ नसतो, मग रकान्यात 'निरंक' लिहून शिक्का मारला की कागद पुढे सरकतो. आजवर आम्ही किती 'निरंक' न बघता लिहिले, हे त्या दगडापुढे उभे राहून आठवू लागलो.

कारण त्या मुलीचा मामा लष्करात होता आणि नव्वदच्या दशकात सियाचीनला बर्फाचा कडा कोसळून गेला. तिने तसे सांगितले. गृहस्थ नाही म्हणाले नाहीत. "तो लढाईत नाही गेला, बर्फात गेला," एवढेच म्हणाले, आणि तेही भांडायच्या सुरात नव्हे. १९८४ पासून सियाचीनवर गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनीच अधिक जवान घेतले, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. खरे तर घर कुठल्या आळीत आहे, हेही एक कारण असावे असे आम्हाला वाटले. पण तसा पुरावा आमच्यापाशी नाही.

बौद्धवाड्यात आजी ओट्यावरच बसलेल्या होत्या. मुलांनी एका सुरात 'जयभीम आजी' म्हटले. आजींनी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून फोटो आणला. कालकथित मुलगा वर्दीत, ओठांवर नुकती फुटलेली मिसरूड. शिलाफलकाचे ऐकून त्या म्हणाल्या, "माय, मला कुणी इचारलंच नाही की. बर्फात गेला म्हून काय झालं, तिथं का हौसेनं गेलता?"

मुलांनी ओट्यावरच अर्ज लिहायला घेतला. 'मा. सरपंच साहेब' इथपर्यंत आम्ही सांगितले, पुढचे त्यांनी लिहिले. नाव, वडिलांचे नाव, पलटण, गेल्याचे साल, आईचे नाव. वडिलांच्या नावात चूक झाली म्हणून दुसरा कागद घेतला. शेवटी अठरा सह्या झाल्या. चौथीतल्या एकाने सहीऐवजी पूर्ण नाव-पत्ता लिहिला.

आजींना वाचता येत नाही. त्यांनी कागद हातात घेतला आणि नातीला विचारले, "यात त्याचं नाव कुठंय?" तिने त्यांचे बोट धरून त्या अक्षरांवर ठेवले. आजींनी बोट बराच वेळ उचलले नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवीत होता.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अर्ज वाचला गेला, कोणी हरकत घेतली नाही. पोच आमच्याकडे आहे. नाव अजून कोरलेले नाही, दगड कोरणारा कारागीर मिळाला की काम करू असे सांगण्यात आले आहे. तोवर मुलीने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर मामाचे नाव लिहून ठेवले आहे, आणि त्याखाली सहा ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. पुढच्या महिन्यात वर्गातील आणखी दोघांच्या आजोळी जायचे ठरते आहे.